दात, हिरड्या आणि खेळाडूचे हृदय

धावता धावता एखादा तरुण खेळाडू कोसळतो आणि पुन्हा उठत नाही, अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळते. बातमी आली की कारणांची चर्चाही सुरू होते. कुणी म्हणते सराव फार केला, कुणी म्हणते काहीतरी भलतीसलती औषधे घेत असेल. अलीकडे या यादीत आणखी एका कारणाची भर पडली आहे. "दोनच दिवसांपूर्वी त्याने दात साफ करून घेतले होते म्हणे!" एका प्रशिक्षण वर्गात शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षकांनी मला सरळच विचारले, "जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आठवड्यात मुलांना दंतवैद्याकडे जाऊ द्यावे की नाही?"

वर्गातील काही जण हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दात साफ करताना तोंडातले जंतू रक्तात शिरतात, हे खरे आहे. रक्तात शिरलेले जंतू हृदयाला इजा करू शकतात, हेही खरे आहे. जंतुसंसर्गानंतरच्या काही दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो, हे मोजून पाहिले गेले आहे. आणि जोरदार श्रमांच्या वेळी तो धोका वाढतो, हेही मोजले गेले आहे. मग ही चार विधाने एकापुढे एक ठेवली तर 'दात साफ केल्याने खेळाडूला झटका येतो' असा निष्कर्ष निघत नाही का? नाही निघत. चारही कड्या खऱ्या असल्या तरी त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत की नुसत्या शेजारी ठेवल्या आहेत, हे तपासावे लागते. या लेखात आपण तेच करू या.

हृदय बंद पडण्याच्या तऱ्हा

सर्वात आधी एक गोंधळ दूर करायला हवा. 'हार्ट अटॅक' हा शब्द आपण फार ढिलाईने वापरतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली आणि स्नायूचा एखादा भाग रक्तावाचून मरू लागला, तर त्याला हृदयविकाराचा झटका म्हणायचे. हा नळ तुंबण्याचा प्रकार झाला. याउलट हृदयाच्या ठोक्यांची विद्युत्-लय बिघडून हृदय नुसतेच थरथरू लागले आणि रक्त ढकलणे थांबले, तर ते हृदय बंद पडणे होय. नळ अगदी स्वच्छ असतानाही हे होऊ शकते. झटक्यामुळे हृदय बंद पडू शकते, पण बंद पडलेल्या प्रत्येक हृदयाला झटका आलेला नसतो.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामन्यात क्रिस्टियन एरिक्सन हा २९ वर्षांचा खेळाडू मैदानावर कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच छाती दाबून आणि विजेचा धक्का देऊन ते पुन्हा सुरू करण्यात आले. पुढे शरीरात लय सांभाळणारे उपकरण बसवून तो पुन्हा खेळूही लागला. जिम फिक्स यांची गोष्ट निराळी. १९७७ साली धावण्यावर पुस्तक लिहून अमेरिकेतल्या असंख्य लोकांना त्यांनी पळायला लावले. १९८४ साली वयाच्या ५२व्या वर्षी व्हरमाँट राज्यात धावत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्या मोठ्या प्रमाणावर तुंबलेल्या आढळल्या. त्यांच्या वडिलांनाही तरुणपणीच हृदयविकार होता आणि फिक्स स्वतः पस्तिशीपर्यंत भरपूर सिगारेटी ओढत असत. धावण्याने त्यांचे आयुष्य वाढले असेल की कमी झाले असेल, यावर लोक अजून वाद घालतात.

ही दोन उदाहरणे मुद्दाम दिली. साधारण ३५ वर्षांखालील खेळाडूचा मैदानावर अचानक मृत्यू होतो तेव्हा जन्मजात जाड झालेला हृदयस्नायू, रोहिणीची चुकीच्या जागी झालेली सुरुवात, ठोक्यांच्या लयीतले आनुवंशिक दोष किंवा हृदयस्नायूचा दाह ही कारणे पुढे येतात. रोहिण्या तुंबून येणारा झटका हे प्रामुख्याने पस्तिशीनंतरचे कारण आहे. त्यामुळे शाळकरी किंवा महाविद्यालयीन खेळाडूबद्दल 'दात साफ केले, रोहिणी तुंबली' असे कुणी म्हणू लागले, तर साखळी पहिल्याच पायरीवर डळमळते.

हे मृत्यू किती वेळा घडतात? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांची माहिती गोळा करण्यात आली. त्यांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीत किंवा शर्यत संपताच बंद पडले, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एकाचे. घटना दुर्मीळ असली की तिच्या आधीच्या आठवड्यात घडलेली कुठलीही गोष्ट कारण वाटू लागते. दात साफ करणे ही तर वर्षभरात असंख्य लोक करतात अशी गोष्ट. त्यातले काही योगायोगाने शर्यतीच्या आधीच्या आठवड्यातच दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेले असणार.

तोंडातून रक्तात

आता जंतूंकडे वळू. आपल्या सर्वांच्या तोंडांचा मिळून विचार केला तर तिथे जीवाणूंचे सुमारे ७०० प्रकार आढळले आहेत. दातांवर त्यांचा एक चिकट थर सतत बसत असतो. तो वेळीच निघाला नाही तर लाळेतल्या कॅल्शियमच्या क्षारांमुळे कडक होतो. हेच दातांवरचे किटण. ब्रशने ते निघत नाही, दंतवैद्याला खरवडून काढावे लागते. किटण हिरडीच्या कडेखाली सरकले की हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मध्ये खोबण तयार होते. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. आपण ज्याला पायोरिया म्हणतो त्यात ती पाच-सहा मिलिमीटर किंवा त्याहूनही खोल जाते. खोबणीच्या आतले आवरण नाजूक आणि व्रण पडलेले असते. गंभीर पायोरियात सर्व दातांभोवतीचा असा भाग एकत्र मांडला, तर तो ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो असा एक अंदाज आहे. म्हणजे आगपेटीच्या वरच्या बाजूएवढी उघडी जखम, आणि तीही जंतूंनी बुजबुजलेल्या जागी. हाताला एवढी जखम झाली असती तर आपण लगेच डॉक्टरकडे धावलो असतो.

अशा हिरडीला धक्का लागला की जंतू रक्तात जाणारच. लंडनमधील ओकेल आणि एलियट या संशोधकांनी १९३५ साली दात काढल्यानंतर रुग्णांचे रक्त तपासले आणि निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात त्यांना जंतू सापडले. विशेष म्हणजे हिरड्या फार बिघडलेल्या काही रुग्णांच्या रक्तात दात काढण्याआधीच जंतू होते!

२००८ साली अमेरिकेत हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे झाला. दात काढावा लागणार होता अशा २९० जणांचे तीन गट केले. एका गटाने फक्त ब्रश केला. दुसऱ्या गटाचा दात प्रतिजैविक देऊन काढला आणि तिसऱ्याचा प्रतिजैविकाविना. हृदयाच्या झडपांना संसर्ग करू शकणारे जंतू ब्रश करणाऱ्यांपैकी २३ टक्के, प्रतिजैविक घेतलेल्यांपैकी ३३ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ६० टक्के लोकांच्या रक्तात मिळाले.

यातला २३ हा आकडा मला सर्वात बोलका वाटतो. एक ढोबळ हिशेब करा. दिवसातून दोनदा ब्रश, म्हणजे वर्षाला ७३० वेळा. त्यातल्या २३ टक्के वेळा जंतू रक्तात गेले असे धरले तर वर्षाकाठी सुमारे १६८ वेळा. त्या रुग्णांचे दात खराब होते, तेव्हा निरोगी तोंडाच्या माणसासाठी हा आकडा पुष्कळ कमी धरावा लागेल. तरीही दंतवैद्याकडे वर्षातून एक-दोन वेळा होणाऱ्या सफाईशी त्याची तुलना करून पाहा. जंतू रक्तात जाणे हेच झटक्याचे कारण असते, तर संशयाची सुई दंतवैद्याच्या आधी आपल्या टूथब्रशकडे वळली असती. भाकरी, ऊस, चिक्की चावतानाही हेच घडू शकते. सुदैवाने हे जंतू रक्तात फार काळ टिकत नाहीत. यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षकपेशी बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर तासाभरात त्यांचा निकाल लावतात.

जिथे धोका खरा आहे

पण एका ठिकाणी हे जंतू खरोखरच घात करतात. संधिवाताच्या तापाने, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर लहान मुलांना येणाऱ्या र्‍हुमॅटिक तापाने, हृदयाच्या झडपा खडबडीत झालेल्या असतात. काहींच्या हृदयात जन्मजात दोष असतो, काहींना कृत्रिम झडप बसवलेली असते. अशा जागी रक्तबिंबिका आणि तंतूंची छोटी जाळी साचते, आणि रक्तात भटकणारे जंतू तिथे चिकटून घर करतात. तोंडातले काही स्ट्रेप्टोकॉकस साखरेपासून जो चिकट पदार्थ बनवून दातावर चिकटतात, तोच त्यांना झडपेवर चिकटायलाही मदत करतो असे प्रयोगांत दिसले आहे. अशा वेळी झडपांचा जंतुसंसर्ग होतो, आठवडेच्या आठवडे बारीक ताप राहतो, वजन घटते आणि उपचार झाले नाहीत तर रुग्ण दगावतो.

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ सालापासून अशा रुग्णांना दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक द्यावे असे सांगायला सुरुवात केली. २००७ साली त्याच संस्थेने हा सल्ला बराच आवरला आणि कृत्रिम झडप, पूर्वी झालेला झडपांचा संसर्ग, काही विशिष्ट जन्मजात दोष अशा सर्वाधिक धोक्याच्या मोजक्या रुग्णांपुरताच ठेवला. कारण आपण वर केलेलाच हिशेब: रोजच्या चावण्या-घासण्यातून इतके जंतू रक्तात जातात की एखाद्या दिवशीच्या गोळीने एकंदर धोका फारसा बदलत नाही. त्यापेक्षा हिरड्या कायम निरोगी ठेवण्याचा उपयोग जास्त.

भारतात र्‍हुमॅटिक हृदयविकार अजून गेलेला नाही. वर्गातले एखादे मूल ठरावीक आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेत असेल, तर त्याच्या पालकांना एवढे जरूर सांगावे की दंतवैद्याला हृदयाच्या आजाराची माहिती आधी द्या, आणि हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारा. मात्र हा झडपांचा आजार आहे, रोहिणी तुंबून येणारा झटका नव्हे. बातम्यांत या दोहोंची सरमिसळ होते.

हिरडी आणि रोहिणी

रोहिणीच्या झटक्याशी दातांचा संबंध जोडण्याची कल्पना जुनी आहे. १९१० साली मॉन्ट्रियल येथे विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी भाषण केले आणि तोंडातला संसर्ग हे शरीरभरच्या आजारांचे मूळ असल्याचे ठासून सांगितले. पुढची दोन-तीन दशके सांधेदुखीपासून मानसिक आजारांपर्यंत कशावरही उपाय म्हणून लोकांचे दात उपटण्यात आले. रुग्ण बोळके झाले, आजार तसेच राहिले. मग ही कल्पना मागे पडली.

१९८९ साली फिनलंडमध्ये मातिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला पुन्हा उजेडात आणले. झटका आलेल्या १०० रुग्णांचे दात त्यांनी त्याच भागातील १०२ इतर लोकांशी ताडून पाहिले. रुग्णांचे दात अधिक खराब होते. १९९३ साली अमेरिकेतील ९,७६० लोकांच्या पाहणीत पायोरिया असलेल्यांना हृदयरोगाचा धोका सुमारे २५ टक्के अधिक दिसला. कारणही सुचत होते. रोहिणीच्या भिंतीत चरबीचे थर साचतात हे अर्धेच चित्र आहे. त्या थरात दाह सुरू असतो आणि दाह वाढला की थराचे पातळ कवच फाटून त्यावर गुठळी धरते. हिरडीतला दीर्घकाळचा दाह रक्तात दाहकारक रसायने सोडत असेल, तर तो या आगीत तेल ओतणार. (इंग्रजीत दातावरच्या थरालाही 'प्लाक' म्हणतात आणि रोहिणीतल्या थरालाही. दोन्ही वस्तू सर्वस्वी वेगळ्या. पण एक नाव असल्यामुळे वाचकांची आणि कधीकधी लेखकांचीही फसगत होते.)

आता शंका घेऊ. आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत मशेरी लावतात. मशेरीत तंबाखू असते. तंबाखूने हिरड्या बिघडतात आणि तंबाखूने हृदयही बिघडते. समजा गावातल्या मशेरी लावणाऱ्या शंभर जणांची पाहणी केली, तर हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार हातात हात घालून चाललेले दिसतील. पण एकाने दुसरा घडवला असे होणार नाही, दोघांचा करविता तिसराच. मधुमेह, गरिबी, शिक्षणाचा अभाव ही अशीच तिसरी कारणे. ती हिशेबातून वजा करावी लागतात आणि ती पुरी वजा झाली की नाही, हे सांगणे महाकठीण. २००० साली अमेरिकेतीलच ८,०३२ लोकांची माहिती घेऊन हुजोएल आणि सहकाऱ्यांनी अशी वजाबाकी अधिक कसून केली, तेव्हा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी मार्मिक प्रश्न विचारला. तोंडात एकही दात नसलेल्या माणसाला दातांचा संसर्ग उरत नाही. मग त्याचा हृदयरोगाचा धोका कमी व्हायला हवा. तो कमी झालेला दिसला नाही. २०१२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळा पुरावा चाळून सांगितले की सहसंबंध आहे, पण हिरडीचा आजार हृदयरोग घडवतो किंवा त्याचा उपचार झटका टाळतो असे सिद्ध झालेले नाही.

सफाईनंतरचे काही दिवस

आता मूळ प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारे दोन अभ्यास पाहू. पहिला २००७ सालचा, लंडनचा. गंभीर पायोरिया असलेल्या १२० रुग्णांपैकी निम्म्यांची नेहमीची वरवरची सफाई केली आणि निम्म्यांच्या हिरड्यांखालचे सगळे किटण एकाच बैठकीत खोलवर खरवडून काढले. मग हाताच्या रोहिणीची लवचीकता मोजली. दंडावर रक्तदाब मोजायचा पट्टा काही मिनिटे आवळून सोडला की निरोगी रोहिणी पटकन रुंदावते. किती रुंदावते ते ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजायचे. खोल सफाईनंतर २४ तासांनी रोहिण्या कमी रुंदावत होत्या आणि रक्तातली दाहाची चिन्हे वाढली होती. पण ६० दिवसांनी आणि १८० दिवसांनी याच लोकांच्या रोहिण्या दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या रुंदावू लागल्या. म्हणजे एक दिवसाचा त्रास, सहा महिन्यांचा लाभ! रोहिणीची लवचीकता सुधारणे म्हणजे झटका टळणे नव्हे, हे मात्र लक्षात ठेवू.

दुसरा अभ्यास २०१० सालचा. त्याची पद्धत विद्यार्थ्यांना समजावून देण्यासारखी आहे. अमेरिकेतील वैद्यकीय मदत योजनेच्या नोंदींमधून दात काढणे वगैरे शस्त्रक्रियेसारखा दंतोपचार झालेले आणि झटका किंवा पक्षाघातही झालेले १,१५२ लोक निवडले. मग दुसऱ्या कुणाशी तुलना न करता प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली: उपचारानंतरच्या चार आठवड्यांत या घटना अधिक घडल्या की त्याच माणसाच्या इतर काळात? माणूस तोच असल्याने त्याची तंबाखू, त्याची गरिबी, त्याची आनुवंशिकता दोन्ही पारड्यांत सारखीच राहते. मशेरीचा घोळ आपोआप मिटतो. उत्तर आले: पहिल्या चार आठवड्यांत धोका दीडपट, सहा महिन्यांत पूर्ववत.

दीडपट हा आकडा मथळ्याला शोभतो, पण दीडपट कशाच्या? समजा एखाद्या पन्नाशीतल्या गृहस्थाला वर्षभरात झटका येण्याची शक्यता १ टक्का आहे. चार आठवडे म्हणजे वर्षाचा तेरावा भाग. त्या काळातली शक्यता दहा हजारांत सुमारे ८. दीडपट केली तर १२. म्हणजे अशा दहा हजार माणसांमागे चार जास्त. सोळा वर्षांच्या धावपटूची मूळ शक्यताच शून्याच्या जवळ; शून्याच्या दीडपट किती? शिवाय इतर खुलासेही आहेत. रक्त फार वाहू नये म्हणून काही रुग्ण दात काढण्यापूर्वी ॲस्पिरिन बंद करतात, आणि ते बंद करणे स्वतःच धोक्याचे. पुढे २०१८ साली स्वीडनमध्ये पहिला झटका आलेल्या सुमारे ५२ हजार रुग्णांची जवळपास अडीच लाख इतरांशी तुलना झाली. त्यात अशा दंतोपचारानंतर धोका वाढल्याचे आढळले नाही.

खेळाडू आणि संसर्ग

मग खेळाडूने संसर्गाची चिंता करूच नये का? करावी, पण दातसफाईमुळे नव्हे, तापामुळे. याबाबतीत स्वीडनचीच एक हकिगत शिकण्यासारखी आहे. तिथे नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून धावण्याचा ओरिएंटियरिंग नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. १९७९ ते १९९२ या काळात या खेळातल्या १६ तरुणांचा, १५ पुरुष आणि एका स्त्रीचा, हृदय बंद पडून अचानक मृत्यू झाला. त्यांतले सात मृत्यू १९८९ ते १९९२ या काळातच झाले. त्यांच्यापैकी अपेक्षेपेक्षा बऱ्याच जणांच्या हृदयस्नायूत दाह आढळला. एकाच्या हृदयात आणि फुप्फुसात क्लॅमिडिया न्यूमोनिए या श्वसनमार्गाच्या जंतूच्या जनुकीय खुणा सापडल्या. नंतर बार्टोनेला नावाच्या दुसऱ्याच जंतूवर संशय गेला. नेमका जंतू वादातच राहिला, पण खेळाडूंच्या सरावाच्या सवयी बदलण्याचे प्रयत्न झाले आणि पुढची साडेतीन वर्षे असा एकही मृत्यू झाला नाही. बदलांमुळेच तसे घडले की लाट आपोआप ओसरली, हे एवढ्या लहान आकड्यांवरून ठरवता येत नाही.

हाच क्लॅमिडिया न्यूमोनिए एकेकाळी रोहिण्या तुंबवणारा गुन्हेगारही ठरला होता. १९८८ साली फिनलंडमध्ये हृदयरुग्णांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली, पुढे रोहिणीच्या थरांत तो जंतूही मिळाला. प्रतिजैविक देऊन झटके थांबवता येतील अशी मोठी आशा निर्माण झाली. २००५ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्येकीत चार हजारांहून अधिक हृदयरुग्ण होते. प्रतिजैविकाने झटके कमी झाले नाहीत. घटनास्थळी सापडला म्हणून तो गुन्हेगार, हे पोलिसांच्या तपासात चालत नाही तसेच इथेही चालत नाही.

तापात श्रम करण्याचा धोका मात्र प्रयोगशाळेतही दिसला आहे. १९७० साली कॉक्सॅकी विषाणूची लागण केलेल्या उंदरांना पोहायला लावले, तेव्हा त्यांच्या हृदयातले विषाणू विश्रांती घेणाऱ्या उंदरांच्या शेकडो पटींनी वाढले. मोठ्या माणसांत तर प्रत्यक्ष झटक्याचे आकडेच उपलब्ध आहेत. ब्रिटनमधील २००४ सालच्या अभ्यासात श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. कॅनडातील २०१८ सालच्या अभ्यासात फ्ल्यूनंतरच्या आठवड्यात तो सहापट निघाला. हे दोन्ही अभ्यास वर सांगितलेल्या 'स्वतःशीच तुलना' पद्धतीने केलेले. त्यांच्या शेजारी दंतोपचाराचा दीडपट, आणि तोही वादग्रस्त, आकडा ठेवून पाहा.

श्रमांचेही तसेच. १९९३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासानुसार एरवी बसून असणाऱ्या माणसाने एकाएकी जड श्रम केले, तर त्या तासाभरात झटक्याचा धोका १०७ पट होतो. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्याला तो जेमतेम २.४ पट. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांची धावण्याची शर्यत ठेवणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा.

तेव्हा त्या शिक्षकांना मी दिलेले उत्तर असे होते. दात साफ करायला मुलांना खुशाल पाठवा. हिरडी हुळहुळते, खायला त्रास होतो, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवसाऐवजी आठवडाभर आधी पाठवा, इतकेच. दाताच्या मुळाशी पू झाला असेल, गाल सुजला असेल, ताप असेल तर उपचार लांबवू नका आणि बरे वाटेपर्यंत पळवू नका. ताप, अंगदुखी, छातीत दुखणे, धाप लागणे यांपैकी काही असताना 'संघाला तुझी गरज आहे' म्हणून मुलाला मैदानात उतरवू नका. धावताना चक्कर येऊन पडलेले किंवा ज्याच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेले आहे असे मूल असेल, तर त्याचे हृदय तपासून घ्यायला सांगा. त्यांनी वहीत शेवटच्या दोन गोष्टी लिहून घेतल्या.

सफाई टाळली तर तोटा खेळाडूचाच. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३०२ खेळाडूंचे दात तपासले गेले. ५५ टक्क्यांचे दात किडलेले होते, ७६ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या आणि १५ टक्क्यांना पायोरिया होता. दातांमुळे सरावावर किंवा कामगिरीवर परिणाम झाला, असे १८ टक्के खेळाडूंनी सांगितले. जगातल्या सर्वात तंदुरुस्त लोकांची ही अवस्था! सतत प्यायली जाणारी गोड, आंबट पेये, तोंडाने श्वास घेतल्यामुळे कोरडे पडणारे तोंड आणि दंतवैद्याकडे जायला नसलेला वेळ, ही त्याची संभाव्य कारणे.

सुजलेली हिरडी किती लवकर बरी होते, हे डेन्मार्कमधील आरहुस येथे हाराल्ड लो यांनी १९६५ साली दाखवले. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग वर्गात करू नये. पण दुसरा करता येतो. ब्रश करताना हिरडीतून रक्त येते अशा विद्यार्थ्यांनी दोन आठवडे सकाळी आणि रात्री नीट दात घासावेत, आणि रक्त आले की नाही याची रोज वहीत नोंद करावी. तारीख आणि रक्त येणाऱ्यांची संख्या यांचा आलेख काढावा. ज्यांचे रक्त दोन आठवड्यांनीही थांबणार नाही, त्यांच्या हिरडीखाली बहुधा ब्रशने न निघणारे किटण असेल. त्यांना दंतवैद्याकडे पाठवावे.